एडीएचडी: स्वस्थ न बसणाऱ्या मुलाला समजून घेताना

पुष्कळ वर्षांपूर्वी आम्ही एका धर्मग्रामात साहाय्यक धर्मगुरू होतो. रविवारच्या पवित्र मिस्सेनंतर तेथे धर्मशिक्षणाचे वर्ग भरत. चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. बाकावर तो पाच मिनिटे बसत नसे. प्रश्न पुरा होण्याआधी उत्तर देई, पुढच्या मुलाची वही ओढी, आणि नुकतेच शिकवलेले विचारले की नुसता बघत राही. लागोपाठ तीन रविवार आम्ही त्याला तासभर व्हरांड्यात उभे केले. चौथ्या रविवारी तो आला नाही. त्याची आई आली. ‘‘फादर, तो मुद्दाम नाही करीत हो,’’ ती म्हणाली. ‘‘घरीसुद्धा असाच. मारूनही पाहिलं.’’ आम्ही तिला शिस्तीचे महत्त्व समजावले आणि परत पाठवले. त्या मुलाने नववीत शाळा सोडली. एकोणिसाव्या वर्षी, दुसरी नोकरी सुटल्यावर, एका डॉक्टरांनी त्याच्या त्रासाला नाव दिले: एडीएचडी. ती माउली खरे सांगत होती आणि ऐकण्यात आम्ही कमी पडलो होतो.

आजही असे पालक आमच्याकडे येतात. म्हणून या विषयाची आवश्यक माहिती येथे एकत्र देत आहोत. लेख वाचून कोणी घरच्या घरी निदान करू नये. तज्ज्ञांकडे केव्हा जावे आणि तेथून काय अपेक्षावे, एवढे कळले तरी पुरे.

एडीएचडी म्हणजे काय?

‘अटेन्शन डेफिसिट हायपरॲक्टिव्हिटी डिसऑर्डर’ या नावाचे हे संक्षिप्त रूप. मराठीत याला अवधान-न्यूनता व अतिचंचलता म्हणता येईल. ही मेंदूच्या विकासाशी निगडित अवस्था असून ती बालपणातच दिसू लागते. लक्ष एका ठिकाणी टिकवणे, मनात आलेली गोष्ट क्षणभर थांबवून धरणे, कामाचा क्रम लावणे आणि वेळेचा अंदाज बांधणे, ही मेंदूची जी व्यवस्थापकीय कामे आहेत ती या मुलांना वयाच्या मानाने जड जातात. बुद्धीशी याचा थेट संबंध नाही. अतिशय हुशार मुलालाही एडीएचडी असू शकतो आणि सामान्य बुद्धीच्या मुलालाही.

आमच्या वाडीकर वाचकांना पाटाच्या पाण्याचे उदाहरण पटेल. विहिरीला पाणी भरपूर आहे. पण ज्या वाफ्याला हवे तेथे दार उघडायचे आणि इतर वाफ्यांची दारे बंद करायची, हे वेळेवर होत नाही. मग एक वाफा कोरडा राहतो आणि दुसऱ्यात पाणी तुंबते. ‘‘गेम खेळताना दोन तास हलत नाही, अभ्यासालाच कसे लक्ष लागत नाही?’’ हा पालकांचा नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर याच उदाहरणात आहे. क्षणाक्षणाला बक्षीस देणाऱ्या गोष्टीकडे लक्ष आपोआप वाहते. कंटाळवाण्या पण आवश्यक गोष्टीकडे ते वळवून न्यावे लागते, आणि नेमके तेच या मुलांना साधत नाही.

लक्षणे आणि प्रकार

तज्ज्ञ या अवस्थेचे तीन प्रकार मानतात.

१. मुख्यतः अवधानाचा अभाव: मूल सूचना अर्धवट ऐकते, सोप्या चुका करते, पेन्सिल, डबा, वही हरवते, काम सुरू करून अर्ध्यावर सोडते, समोर बोलणाऱ्याकडे पाहत असूनही त्याचे मन दुसरीकडे असते.

२. मुख्यतः अतिचंचलता व आवेगशीलता: मूल सतत हातपाय हलवते, बसायच्या वेळी उठते, अखंड बोलते, दुसऱ्याचे बोलणे तोडते, रांगेत थांबू शकत नाही.

३. संमिश्र प्रकार: यात वरील दोन्ही गटांतील लक्षणे आढळतात.

पहिल्या प्रकारचे मूल कोणाला त्रास देत नाही, म्हणून ते कोणाच्या नजरेत भरत नाही. मुलींच्या बाबतीत असे अधिक घडते. खिडकीबाहेर पाहत बसणारी शांत मुलगी ‘स्वप्नाळू’ किंवा ‘मंद’ ठरते आणि तिचे निदान राहून जाते.

आपल्यापैकी कोणात यातले एखादे लक्षण नाही? म्हणूनच निदानाचे निकष कडक आहेत. अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या २०१३ मधील निदान-पुस्तिकेनुसार अवधानाची नऊ आणि चंचलता-आवेगाची नऊ अशी लक्षणे दिली आहेत. मुलांमध्ये कोणत्याही एका गटातील किमान सहा लक्षणे सहा महिने टिकलेली असावी लागतात. वय १७ आणि त्यापुढे पाच पुरतात. त्यांपैकी काही लक्षणे वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेली असावीत, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी ती जाणवावीत, आणि त्यांमुळे अभ्यास, नातेसंबंध किंवा दैनंदिन व्यवहार खरोखर अडावा, याही अटी आहेत. केवळ एका शिक्षिकेच्या तासाला मस्ती करणाऱ्या मुलाला हे नाव लागू होत नाही.

२००७ मध्ये जगभरातील अभ्यास एकत्र करून केलेल्या विश्लेषणात मुला-किशोरांमधील याचे प्रमाण सुमारे ५ टक्के आढळले. म्हणजे चाळीस मुलांच्या वर्गात सरासरी दोन.

थोडा इतिहास

हा ‘आजकालचा’ किंवा मोबाइलने आणलेला आजार आहे, असा समज आहे. तो खरा नाही. फ्रँकफुर्टचे डॉक्टर हाइन्रिश हॉफमन यांनी १८४० च्या दशकात प्रसिद्ध केलेल्या मुलांच्या सचित्र पुस्तकात जेवणाच्या टेबलाशी स्वस्थ न बसणारा एक मुलगा आहे. १९०२ मध्ये लंडनला जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञांनी आपल्या व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले. बुद्धी शाबूत असूनही स्वतःला आवर न घालता येणे याला त्यांनी ‘नैतिक नियंत्रणाचा दोष’ म्हटले. मात्र त्यामागे शारीरिक कारण असावे, असेही त्यांनी सुचवले. पुढे लोकांच्या मनात ‘नैतिक दोष’ तेवढा राहिला आणि शारीरिक कारण मागे पडले. आम्ही व्हरांड्यात उभ्या केलेल्या मुलाचीही तीच कथा.

१९३७ मध्ये अमेरिकेतील चार्ल्स ब्रॅडली यांनी उत्तेजक गटातील औषधाने अशा काही मुलांचे वर्तन व अभ्यास सुधारल्याचे नोंदवले. १९८० मध्ये ‘अवधान-न्यूनता’ हे नाव निदान-पुस्तिकेत आले आणि १९८७ मध्ये त्याचे आजचे रूप झाले.

कारणे कोणती?

यात सर्वांत मोठा वाटा आनुवंशिकतेचा आहे. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून तो ७० ते ८० टक्के असल्याचे दिसते. ‘‘याचा बापही लहानपणी असाच होता,’’ असे आजी म्हणते तेव्हा ती नकळत वैद्यकीय इतिहासच सांगत असते. मुलाच्या तपासणीच्या वेळी आपल्यालाही हेच होते, हे अनेक वडिलांना प्रथमच उमगते. याखेरीज मुदतपूर्व जन्म, जन्मावेळचे कमी वजन, गरोदरपणातील तंबाखू व मद्य आणि शिशासारख्या विषारी धातूशी संपर्क यांनी धोका वाढतो.

२००७ मध्ये अमेरिकेतील राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेच्या संशोधकांनी मेंदूच्या बाह्यपटलाच्या वाढीची मोजमापे प्रसिद्ध केली. इतर मुलांत हे पटल सरासरी साडेसाताव्या वर्षी जी जाडी गाठते, ती एडीएचडी असलेल्या मुलांत साडेदहाव्या वर्षी गाठली गेली. वाढीचा क्रम तोच होता. तो सुमारे तीन वर्षे मागे होता. दहा वर्षांच्या मुलाकडून आपण दहा वर्षांचा संयम मागतो आणि तो सात वर्षांच्या मुलासारखा वागतो, याचा उलगडा येथे काही अंशी होतो.

आईने लाड केले, वडील परदेशी नोकरीला आहेत, घरात साखर जास्त खाल्ली जाते, ही एडीएचडीची कारणे नाहीत. घरातील ताण किंवा अपुरी झोप यांनी लक्षणे वाढतात, हे मात्र खरे. पण दोष देण्यासाठी आईकडे बोट दाखवण्याची आपली सवय येथे केवळ अन्याय करते.

निदान कसे होते?

एडीएचडी सांगणारी रक्ततपासणी नाही, आणि केवळ मेंदूच्या स्कॅनवरूनही त्याचे निदान होत नाही. बालमनोविकारतज्ज्ञ किंवा मुलांच्या विकासाचे खास शिक्षण घेतलेले बालरोगतज्ज्ञ पालकांशी सविस्तर बोलतात, शाळेकडून माहिती मागवतात, प्रश्नावल्या भरून घेतात आणि मुलाला भेटतात. शाळेचे अभिप्राय, जुन्या वह्या आणि प्रगतिपुस्तके सोबत नेल्यास मोठी मदत होते.

एडीएचडीसारखी दिसणारी इतर कारणेही तपासावी लागतात: कमी दिसणे, कमी ऐकू येणे, अपुरी झोप, थायरॉइडचे विकार, क्षणभर भान हरपणारी अपस्माराची एक अवस्था, तसेच घरातील भीती किंवा दुःख. अनेक मुलांत एडीएचडीच्या जोडीला अध्ययन-अक्षमता किंवा चिंताविकारही असतो. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ या चित्रपटामुळे डिस्लेक्सिया हा शब्द घरोघरी पोहोचला. परंतु त्या चित्रपटातील अडचण वाचन-लेखनाची होती. एडीएचडी ही वेगळी अवस्था आहे. एकाच मुलात दोन्ही असतील तर दोन्हींवर स्वतंत्रपणे काम करावे लागते.

उपचार

सहा वर्षांखालील मुलांसाठी पहिला उपचार म्हणजे पालकांचे प्रशिक्षण. यात मुलाच्या वर्तनाला कसा प्रतिसाद द्यायचा, हे पालकांना शिकवले जाते. शालेय वयात वर्तनोपचार, शाळेचे सहकार्य आणि गरज असेल तर औषध, अशी जोड दिली जाते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका मोठ्या अभ्यासात ५७९ मुलांवर चौदा महिने वेगवेगळे उपचार करून पाहिले. मूळ लक्षणांवर, काळजीपूर्वक दिलेले औषध एकटे किंवा वर्तनोपचाराच्या जोडीने अधिक प्रभावी ठरले. जोडउपचाराचे लाभ समाजातील वागणूक आणि पालक-मुलाचे नाते अशा बाबतींत दिसले.

औषधांत मेथिलफेनिडेट सर्वाधिक परिचित आहे. ते मेंदूतील डोपामिन व नॉरॲड्रेनलिन या संदेशवाहक रसायनांवर कार्य करते. भूक मंदावणे, झोप उशिरा लागणे, डोके किंवा पोट दुखणे हे त्याचे नेहमीचे दुष्परिणाम. म्हणून वजन, उंची, नाडी व रक्तदाब यांवर डॉक्टर लक्ष ठेवतात. ॲटॉमॉक्सेटिन हे उत्तेजक गटाबाहेरील औषध असून त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात. मेथिलफेनिडेट भारतात कायद्याने नियंत्रित आहे आणि ते डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही. आखाती देशांत नोकरीला असलेल्या कुटुंबांनी ते सोबत नेण्यापूर्वी त्या देशाचे नियम अवश्य पाहावेत.

‘‘औषधाने मुलाला व्यसन लागेल का?’’ ही भीती स्वाभाविक आहे. डॉक्टरांच्या देखरेखीखाली औषध घेणाऱ्या मुलांना पुढे व्यसनाचा धोका वाढतो, असे अभ्यासांत दिसलेले नाही. उलट, उपचाराविना राहिलेल्या एडीएचडीत अपघात, शाळागळती, नैराश्य आणि व्यसन यांचा धोका अधिक असतो. औषध सुरू करणे, बदलणे वा थांबवणे, हे मात्र स्वतःच्या मनाने कधीही करू नये.

घरी काय करावे?

मुलाच्या जवळ जाऊन, त्याच्या डोळ्यांत पाहून एका वेळी एकच सूचना द्यावी. ‘‘आवर, दप्तर भर, बूट घाल आणि आजीला हाक मार,’’ या एका वाक्यात चार कामे आहेत. त्यांतले पहिले तेवढे मुलाच्या लक्षात राहते. सकाळची कामे चित्रांसह कागदावर लिहून भिंतीवर लावावीत. अभ्यासाचे दहा-पंधरा मिनिटांचे तुकडे करावेत आणि मध्ये उठू द्यावे. चांगले काही केले की त्याच क्षणी आणि नेमक्या शब्दांत कौतुक करावे: ‘‘वही जागेवर ठेवलीस, छान केलेस.’’ महिनाअखेरच्या सायकलपेक्षा आज संध्याकाळच्या गोष्टीचे आश्वासन या मुलांना अधिक कळते. झोपेची वेळ पाळावी आणि मैदानी खेळ बंद करू नये. अभ्यास झाला नाही म्हणून फुटबॉल बंद करणारे पालक मुलाचा उत्तम आधारच काढून घेतात.

मारण्याने अवधान वाढत नाही. मूल मार चुकवायला शिकते, खोटे बोलायला शिकते आणि हळूहळू स्वतःला वाईट समजू लागते.

शाळा आणि कायदा

शिक्षकांनी अशा मुलाला पुढच्या बाकावर, दारा-खिडकीपासून दूर बसवावे; फळा पुसणे, वह्या गोळा करणे अशी हालचालीची कामे त्याला द्यावीत; गृहपाठ डायरीत लिहिला आहे का, ते पाहावे. यासाठी फारसा खर्च लागत नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शाळेत शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ यांना बंदी आहे, हे पालक व शिक्षक दोघांनीही लक्षात ठेवावे.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमतेचा समावेश आहे. एडीएचडीचे नाव त्यात स्वतंत्रपणे नाही. तेव्हा मुलाला वाचन, लेखन वा गणिताचीही अडचण असेल तर तिची तपासणी जरूर करून घ्यावी. शासनमान्य रुग्णालयाचे प्रमाणपत्र मिळाल्यास परीक्षेत जादा वेळ, लेखनिक यांसारख्या सवलती मिळू शकतात. या तपासण्यांना वेळ लागतो. दहावीचे वर्ष उजाडेपर्यंत थांबू नये.

मदत कोठे मिळेल?

आरंभ नेहमीच्या बालरोगतज्ज्ञांपासून करावा. मुंबईतील शीव, केईएम आणि नायर या महापालिका रुग्णालयांत मानसोपचार विभाग आहेत आणि तेथील खर्च सामान्य कुटुंबाला परवडणारा असतो. शीव रुग्णालयात अध्ययन-अक्षमतेचे स्वतंत्र केंद्र आहे. २००१ मध्ये स्थापन झालेले ‘उम्मीद’ हे बालविकास केंद्र आणि १९९६ पासून कार्यरत असलेली महाराष्ट्र डिस्लेक्सिया असोसिएशन या मुंबईतील संस्था आपापल्या क्षेत्रांत काम करतात. गावातील पालकांनी २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची माहिती घ्यावी. अंगणवाड्यांत आणि शासकीय व अनुदानित शाळांत या कार्यक्रमाची पथके तपासणीस येतात आणि त्यांच्या यादीत एडीएचडीचाही समावेश आहे. केंद्र शासनाची ‘टेलि-मानस’ ही विनामूल्य दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. तिचा क्रमांक १४४१६ असून तेथे मराठीत बोलता येते.

मोठ्यांचे काय?

वय वाढते तशी धावपळ कमी होते. अनेकांत मात्र विसराळूपणा, दिरंगाई आणि उतावीळपणा मागे राहतो. लहानपणी हे निदान झालेल्यांपैकी साधारण दोन-तृतीयांश जणांना मोठेपणीही काही लक्षणांचा त्रास राहतो. सतत नोकरी बदलणारा, बिले भरायला विसरणारा, घरात ‘बेजबाबदार’ ठरलेला मनुष्यही तपासणीस पात्र आहे. मोठेपणी सुरू केलेल्या उपचारांचाही उपयोग होतो.

धर्मग्रामाने काय करावे?

आमच्या लोकांत अशा मुलासाठी नोव्हेना होते, बांद्र्याला मोतमाउलीच्या चरणी मेणाची बाहुली वाहिली जाते. ती श्रद्धा आम्ही मोलाची मानतो. परंतु मोतमाउलीहून परतताना डॉक्टरांची वेळही घ्यावी. एकाने दुसऱ्याची जागा अडत नाही. ‘‘उद्या सोयरीक जमायची नाही’’ या भीतीने निदान लपवणारी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. लपवल्याने अवस्था जात नाही. मदतीची वर्षे मात्र जातात.

धर्मशिक्षण देणाऱ्या शिक्षकांना आमची विनंती आहे की धडे लहान करावेत, गाणे व कृती वाढवावी, आणि चुळबुळ्या मुलाला मेणबत्ती धरण्याचे, पुस्तके वाटण्याचे, अर्पणाच्या मिरवणुकीत चालण्याचे काम द्यावे. पवित्र मिस्सेत मागच्या बाकावर धडपडणाऱ्या मुलाकडे वळून पाहणाऱ्या नजरा त्याच्या आईला फार बोचतात. अशा कित्येक आया पुढे मिस्सेला येणेच सोडतात. त्या बाकावर थोडे सरकून त्यांना जागा करून देणे आपल्याला सहज शक्य आहे.

तो व्हरांड्यातला मुलगा आता बाप झाला आहे. उपचारानंतर त्याने वायरमनचे काम शिकून घेतले आणि ते तो मनापासून करतो. गेल्या वर्षी तो आपल्या मुलीला घेऊन आमच्याकडे आला. तिच्या शिक्षिकेने ‘बसत नाही’ अशी चिठ्ठी पाठवली होती. ‘‘फादर, ह्या वेळी वाट नाही बघायची,’’ तो म्हणाला. या वेळी आम्ही शिस्तीवर बोललो नाही. त्याचे सगळे ऐकून घेतले आणि तज्ज्ञांचा पत्ता लिहून दिला. मुलगी तोवर आमच्या टेबलावरचे सगळे पेन रंगांप्रमाणे लावून मोकळी झाली होती.